गल्ली बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? जुन्या फोटोवरून ओळखीची जागा वाचायची रीत

"आमच्या वेळचं परळ राहिलं नाही." हे वाक्य खरं असतं, पण त्यातून कळत काहीच नाही. काय राहिलं नाही? रस्ता? चाळ? भोंगा? की रातपाळी सुटल्यावरची गर्दी? यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणाने गेली, आणि काही गोष्टी तर गेलेल्याच नाहीत, फक्त आता दिसत नाहीत. ही उकल करायची रीत आहे, आणि ती घरातल्या एका जुन्या फोटोपासून सुरू करता येते. उदाहरण म्हणून गिरणगाव, म्हणजे परळ-लालबागचा कापडगिरण्यांचा पट्टा घेऊ, कारण तिथे बदल मोठा झाला आणि त्याच्या खुणाही भरपूर उरल्या.

आधी आठवणीबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त फसवते तीच. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेलमधल्या आपल्या प्रबंधात घडवला, दोन ग्रीक शब्द जोडून: घरी परतणं आणि वेदना. तेव्हा तो आजार मानला जाई. आज मानसशास्त्रज्ञ त्याला आजार म्हणत नाहीत. दुसरा शब्द बराच नवा आहे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी गावांचा परिसर पालटला, तेव्हा ग्लेन आल्ब्रेख्ट यांनी 2003 च्या सुमारास 'सोलास्टॅल्जिया' हा शब्द वापरला. माणूस घर सोडून गेलेला नसतो, घरच त्याच्या भोवतून निघून जातं, तेव्हाची ही कळ. लालबागच्या चाळीत जन्मभर राहिलेल्या माणसाला टॉवरच्या सावलीत जे वाटतं ते याच्या जवळचं आहे.

आठवण दोन ठिकाणी हमखास चुकते. एक, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात. म्हणून प्रत्येकाचं 'मूळचं' परळ वेगळं. आजोबांना ट्रामचं परळ खरं वाटतं, वडिलांना 1982 च्या गिरणी संपाच्या आधीचं, तुम्हाला केबल टीव्हीचं. दोन, सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच असतात. तेव्हा पाहिलेला जिना उंच आणि गॅलरी लांबलचक वाटणारच. मोठेपणी "चाळ आक्रसली" असं वाटतं त्यात चाळीचा दोष नसतो. म्हणून मापं आठवणीतून घेऊ नयेत, फोटोतून आणि नकाशातून घ्यावीत.

फोटो कधीचा?

समजा, घरच्या पेटीत एक फोटो सापडला: दुकानासमोर उभे चौघे, पाटीवर 'मुंबई 12', मागे चाळीचं छप्पर आणि त्यामागे गिरणीची चिमणी. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही.

फोटो काचेला किंवा अल्बमच्या चिकट पानाला घट्ट बसला असेल तर ओढू नका. वरचा थर काचेलाच राहतो आणि चेहरे जातात. काचेसकट स्कॅन करा. अल्बममधून काढायचाच असेल तर दात साफ करायचा बारीक दोरा खालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. प्रिंट 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, निगेटिव्ह 2400 च्या वर. मोबाइलने नुसता फोटो काढला तर पाटीवरची बारीक अक्षरं हातची जातात, आणि तारीख तर तिथेच दडलेली असते.

आता तारखेकडे. फोटोत दिसणाऱ्या गोष्टींचे दोन ढीग करा. काही गोष्टी सांगतात, 'याच्या आधीचा नाही'. काही सांगतात, 'याच्या नंतरचा नाही'. नव्याने आलेली वस्तू पहिल्या ढिगात, कायमची गेलेली दुसऱ्यात. चाळीच्या छपरावर टीव्हीचा अँटेना असेल तर फोटो 2 ऑक्टोबर 1972 च्या आधीचा असणं कठीण, कारण मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. रस्त्यावर ट्राम धावताना दिसली तर 31 मार्च 1964 च्या नंतरचा नाही. त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. (दादर टीटी मधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम गेली, तिचं टर्मिनस बसकंडक्टरच्या तोंडात राहिलं.) गाडीच्या पाटीवर एमएच दिसलं तर 1989 च्या मध्यानंतरचा.

पाट्यांच्या बाबतीत सांभाळून. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. त्याआधी 'मुंबई 12' असे टपालाचे विभाग होते आणि पिनकोडच्या शेवटच्या आकड्यांत ते तसेच जपले: परळचा 400012, दादर पूर्वचा 400014. म्हणून 'मुंबई 12' दिसलं की फोटो 1972 च्या आधीचा, असं लोक बेधडक ठरवतात. ते चूक आहे. पाटी एकदा रंगवली की दुकानदार ती वीस वर्षं उतरवत नाही. पाटी कधी *रंगवली* एवढाच अंदाज त्यातून येतो, फोटोचा नाही. आपल्या फोटोत अँटेना आणि 'मुंबई 12' दोन्ही असतील तर अँटेनावर विश्वास ठेवा.

चिमणीतून धूर निघत असेल तर तोही साक्षीदार. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि अनेक गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत. धूर असलेला फोटो बहुधा त्याच्या आधीचा. पण धूर नाही म्हणून गिरणी बंद होती असं मात्र म्हणता येत नाही. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून 1915 पासून जलविद्युत यायला लागली आणि गिरण्या हळूहळू वाफेवरून विजेवर गेल्या.

महिना ठरवायचा असेल तर सावली पाहा. मुंबई 19 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या माध्यान्हीला 10 मीटर खांबाची सावली सुमारे 9 मीटर पडते, उत्तरेकडे. साधारण 15 मे आणि 27 जुलैला सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली *दक्षिणेकडे* पडते. फोटोत दुपारची आखूड सावली दक्षिणेला झुकली असेल तर महिना मे ते जुलै, आणि एवढं लख्ख ऊन असेल तर पाऊस लागायच्या आधीचा.

एक शेवटची तपासणी: फोटो उलटा तर छापला नाही ना? निगेटिव्ह उलटी धरली की असं होतं. पाटीवरची अक्षरं दिसत नसतील तर पुरुषांच्या शर्टाकडे पाहा. घालणाऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते. ती उलट दिसली तर शंका घ्या. हे न पाहता जागा शोधायला निघालेले लोक तासन्‌तास चुकीच्या फुटपाथवर उभे राहतात.

फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता?

हा या कामातला सगळ्यात सुरेख भाग आहे. तीच जागा सापडली की तुलना होते. "साधारण इथूनच" असं म्हणून काढलेल्या फोटोवर काही सिद्ध होत नाही.

युक्ती जवळ-दूरच्या जोड्यांची. फोटोत एक जवळची उभी कड निवडा, उदाहरणार्थ चाळीचा कोपरा, आणि एक दूरची, चिमणी. जुन्या फोटोत चिमणी कोपऱ्याच्या किती डावीकडे दिसते ते पाहा. आता रस्त्यावर उभं राहून तसंच दिसेपर्यंत बाजूला सरका. तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत डावीकडे जाते. उलट सरकलात की उलट. जोडी जुळली की तुम्ही एका रेषेवर आलात. मग फोटोच्या दुसऱ्या बाजूची अशीच एक जोडी घ्या, ती दुसरी रेषा देते. दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता.

हे किती बारकाईने जमतं? जवळची वस्तू 5 मीटरवर आणि चिमणी 200 मीटरवर असेल तर तुम्ही 10 सेंटिमीटर सरकताच त्यांच्यातलं अंतर अंशाहून जास्त बदलतं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे दोन चंद्रांएवढा फरक डोळ्याला सहज दिसतो. थोडा धीर धरला तर कॅमेऱ्याची जागा वीतभर अचूक सापडते.

उंची राहिली. सपाट रस्त्यावर उभी असलेली माणसं पाहा. कॅमेरा डोळ्याला लावून फोटो काढला असेल तर जवळच्या आणि लांबच्या सगळ्या माणसांची डोकी साधारण एकाच आडव्या रेषेत येतात. डोक्यांऐवजी सगळ्यांच्या *कमरा* एका आडव्या रेषेत येत असतील तर कॅमेरा पोटाशी धरला होता. जुने बॉक्स कॅमेरे वरून खाली बघून वापरायचे, त्यामुळे असं वारंवार दिसतं. अशा वेळी गुडघ्यावर बसा, नाहीतर फोन 1 मीटर उंचीवर धरा.

भिंगाबद्दल लोक उगाच घाबरतात. झूमने दृष्टिकोन बदलत नाही, फक्त चौकट लहान-मोठी होते. दृष्टिकोन बदलतो तो पाय हलवल्याने. म्हणून आधी जागा, मग झूम. भारतात घरोघरी दिसलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा 6×6 सेंटिमीटरच्या चौकटीवर 72.5 मिलिमीटर भिंगाने फोटो काढायचा. आजच्या हिशेबात (35 मिलिमीटर फिल्मच्या मापाने) ते साधारण 40 मिलिमीटर होतं. फोनचं मुख्य भिंग 24 ते 26 असतं, म्हणून दीड पटीच्या आसपास झूम लागतो. नेहमी थोडं रुंद घ्या आणि नंतर कापा. फोन वर कलवू नका. कलवला की इमारती मागे झुकल्यासारख्या दिसतात आणि जुन्या फोटोशी कडा जुळत नाहीत.

स्क्रीनवर दोन फोटो एकावर एक धरायची ॲप आहेत, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही. झेरॉक्सवाल्याकडून जुना फोटो पारदर्शक ओएचपी शीटवर छापून घ्या आणि हातभर अंतरावर धरून त्यातून बघा. वीस-तीस रुपयांचं काम, आणि बॅटरी लागत नाही.

कुठे अडतं? डॉ. आंबेडकर रोडवर 2011 पासून लालबागचा उड्डाणपूल आहे. जुन्या फोटोतल्या लांबच्या चिमण्या त्यामागे लपल्या. कधी कॅमेऱ्याची मूळ जागा आज एखाद्या इमारतीच्या पोटात असते. अशा वेळी निदान एक जोडी तरी जुळवून त्या रेषेवर राहा आणि "मूळ जागेपासून अंदाजे 12 मीटर मागे" असं स्पष्ट लिहा. तसं न लिहिता जुळवलेला दिखावा पुढच्या माणसाला फसवतो.

नकाशावर उतरवताना

गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुनी उपग्रहचित्रं उघडतात. मुंबईची स्पष्ट चित्रं साधारण 2000 नंतरची. त्याच्याही मागे जायचं तर अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची 1960 ते 72 मधली चित्रं आहेत. ती 1995 मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतात. शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत सुमारे 2 मीटरची वस्तू ओळखू येते. माणूस दिसत नाही, पण गिरणीच्या करवतीसारख्या छपरांच्या रांगा दिसतात. त्या छपरांचा उभा काचेचा भाग उत्तरेकडे असे, म्हणजे खात्यात (गिरणीतल्या कामाच्या शेडमध्ये) दिवसभर उजेड येई पण थेट ऊन फारसं नाही. वरून छपरांची दिशा पाहूनच गिरणी ओळखता येते.

उपग्रहचित्रात टॉवर एका बाजूला कललेले दिसतात, कारण उपग्रह नेमका डोक्यावर नसतो. म्हणून छप्पर छपराशी जुळवू नका. पाया पायाशी जुळवा.

जुना नकाशा आजच्यावर बसवायला न हललेले किमान चार बिंदू लागतात, सहा-आठ असतील तर उत्तम. आणि ते कागदभर पसरलेले हवेत. चारही एका कोपऱ्यात घेतले तर दुसरा कोपरा पन्नास मीटर भरकटतो. फुटपाथची कड, नाला, किनारा हे बिंदू घेऊ नका, ते सरकतात. पूलही नको. लोअर परळचा पूल 2018 मध्ये बंद होऊन पुन्हा बांधला गेला. रेल्वेच्या रुळांची वळणं, जुन्या देवळाचा किंवा चर्चचा कोपरा, गिरणीच्या आवारभिंतीचा कोन हे भरवशाचे.

काय टिकतं, काय जातं

गावांचा आकार अभ्यासणाऱ्या कॉन्झेन यांनी 1960 मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक या छोट्या गावावर लिहिताना जी विभागणी केली, ती परळलाही चपखल बसते. जागेचा *वापर* सर्वांत लवकर बदलतो. *इमारत* त्याहून उशिरा. *रस्ता आणि भूखंडाची हद्द* सर्वांत उशिरा. साच्याच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात आधी गोदाम येतं, मग हॉटेल. खूप नंतर खातं पडतं. आवारभिंत बहुतेक वेळा तेव्हाही तिथेच असते.

म्हणूनच गिरणीच्या जागी आलेली संकुलं अशी का दिसतात याचं उत्तर वास्तुरचनेच्या फॅशनपेक्षा जुन्या हद्दीत सापडतं. गिरणी म्हणजे एक प्रचंड भूखंड, भोवती उंच भिंत, मोजकी गेटं. तो भूखंड न मोडता विकसित झाला की आतलं जगही बंदच राहतं. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल आला, चिमणी शोभेला राहिली, आणि आत जायचा रस्ता अजूनही गेटातूनच आहे. पूर्वी गेटावर पास दाखवावा लागे, आता बॅग दाखवावी लागते. चिमणी ठेवली म्हणून वारसा जपला, हे म्हणणं आम्हाला पटत नाही. चिमणीखालचं बॉयलर घर आणि गिरणीचं तळं हे तिचे सोबती होते. काळाचौकीला इंडिया युनायटेड गिरणी क्र. 2-3 च्या आवारात असं तळं आहे. ते पाहिलं की गिरणीला पाणी किती लागायचं याची कल्पना येते.

कायद्याचाही वाटा समजून घ्या. सुमारे 600 एकर गिरणी जमिनीसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 ढोबळमानाने तीन वाटे करत होता: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) आणि उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त *आधीच मोकळ्या असलेल्या* जमिनीची ठरली. बांधकाम असलेला भाग हिशेबातून गेला. गिरणीची बहुतेक जागा खात्यांनी व्यापलेली, त्यामुळे सार्वजनिक वाटा आटला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दुरुस्ती उचलून धरली. तुमच्या फोटोतल्या भिंतीपलीकडे आज बाग का नाही, याचं कारण बऱ्याच अंशी या एका दुरुस्तीत आहे.

चाळींची गोष्ट वेगळी. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी एकूण 207: वरळीला 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीला 12. तळमजला अधिक तीन, मजल्याला 20 खोल्या, म्हणजे चाळीला 80. खोली 160 चौरस फूट, संडास सामायिक. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळतं. सामायिक गॅलरीबद्दल हळवं होताना रात्री संडासासाठी त्याच गॅलरीतून एकट्या बाईला जावं लागे, हेही त्याच फोटोत बसवा. हळवेपणात सहसा हाच भाग कापला जातो.

माणसांना विचारताना

"पूर्वी कसं होतं?" असं विचारलं की "छान होतं" एवढंच येतं. वाट विचारा. "दुसरी पाळी सुटली की गेटापासून खोलीपर्यंत कसे यायचात? डाव्या हाताला पहिलं काय लागायचं?" सोबत कोरा कागद आणि पेन्सिल द्या. हात नकाशा काढायला लागला की तोंड आपोआप बोलतं. बायका आणि पुरुषांना वेगवेगळं विचारा, कारण नकाशे वेगळे असतात. पुरुषांचा गेट, खानावळ, युनियनचं ऑफिस असा. बायकांचा नळ, रेशनचं दुकान, भाजीवाली, आणि संध्याकाळनंतर टाळायच्या गल्ल्या. साल विचारू नका. "थोरलीच्या लग्नाआधी की नंतर? संपाच्या आधी की नंतर?" असं विचारा. एका बैठकीत तास पुरे. दुसऱ्या बैठकीला आपला जुना फोटो आणि त्याच जागेवरून काढलेला नवा, दोन्ही समोर ठेवा. पहिल्या दिवशी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी माणूस स्वतःच दुरुस्त करतो.

नव्या फोटोच्या फाइलला 'परळ-3' असं नाव देऊ नका. तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा, तोंड कोणत्या दिशेला आणि झूम किती, एवढं नावात किंवा सोबतच्या कागदावर हवं. छापील प्रतीच्या मागे बॉलपेनने लिहू नका, तो उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. मुंबईच्या दमटपणात बुरशी धरते म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. आणि फोटो काढायला गेलात की चाळीच्या जिन्याखालचा नोटीसबोर्डही टिपून घ्या. पुनर्विकासाच्या सभेची सूचना, पाणीपट्टीची थकबाकी, गणपतीच्या वर्गणीची यादी त्यावर असते. इमारतीचे फोटो बरेच जण काढतात. तो कागद मात्र चाळ रिकामी व्हायच्या आठवड्यात फाटतो आणि त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नसते.